गाडीच्या पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड व डिस्क घरी बदलताना

धान, कापूस आणि मिरचीच्या पानांमध्ये मोटारगाडीच्या ब्रेकचा लेख पाहून आपणास नवल वाटेल. परंतु आलापल्ली परिसरात आता गाडी हेही शेतीचे अवजारच झाले आहे. रोवणीच्या दिवसांत पऱ्हे आणि मजूर, मे महिन्यात तेंदूपानाचे पुडके, दिवाळीनंतर धानाची पोती, अधूनमधून अहेरीच्या दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण, या सर्व कामांना एकच पिकअप किंवा जुनी कार धावते. बैलाला वेळेवर नाल मारली जाते, नांगराचा फाळ झिजला की तो शेवटून घेतला जातो. पण गाडीचा ब्रेक मात्र आवाज करू लागला तरी 'चंद्रपूरला गेलो की दाखवू' म्हणून राहून जातो. चंद्रपूर येथून शंभरावर कि.मी. आहे, आणि तेथवरचा सगळा प्रवास त्याच ब्रेकवर होतो.

आपल्याकडील रस्त्यांचे स्वरूपही लक्षात घ्यावयास हवे. आलापल्लीच्या चौकातून आष्टी, अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा अशा दिशांना रस्ते फुटतात. यांपैकी बहुतेक रस्ते दाट जंगलातून जातात. वळणावर गुरे बसलेली असतात, तिन्हीसांजेला चितळ किंवा रानडुक्कर आडवे येते आणि सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक सुरू झाल्यापासून अवजड ट्रकही वाढले आहेत. अशा रस्त्यावर ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर हे १७ मीटर ब्रेक न लागताच संपतात. त्यापुढे चांगल्या ब्रेकने कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण २३ मीटरमध्ये गाडी थांबते. ब्रेकचा जोर निम्म्यावर आला असेल, तर तेवढ्यासाठी ४६ मीटर लागतात. हा २३ मीटरचा फरक म्हणजे पाच-सहा बैलबंड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होणारे अंतर. गाय वाचणार की नाही, हे त्या अंतरात ठरते.

हे काम घरी करता येते काय? होय, बऱ्याच गाड्यांत करता येते. पंपाचा फुटवाल्व्ह उघडून बसविणारा, फवारणी पंपाचे वायसर बदलणारा शेतकरी हे काम निश्चितपणे करू शकतो. मात्र जुना पॅड काढून नवा बसविणे हा या कामाचा सोपा भाग आहे. जुना पॅड का आणि कसा झिजला, हे न पाहता नवा पॅड बसविणे म्हणजे पान पिवळे दिसले की कारण न शोधता युरिया टाकण्यासारखे होय. या लेखात म्हणून त्या भागावर अधिक लिहिले आहे.

ब्रेक काय करतो?

चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंस एक-एक पॅड असतो. पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर घट्ट चिकटविलेला घर्षणाचा मसाला. या दोन्ही पॅडना कवेत घेणारा कॅलिपर असतो. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. त्याच वेळी संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकतो व बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढला जातो. म्हणजे पिस्टन एकाच बाजूला असूनही पकड दोन्ही बाजूंनी बसते. ही सगळी करामत त्या दोन बोटाएवढ्या पिनांवर अवलंबून आहे, हे येथेच ध्यानात ठेवावे.

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. मालासह दोन टन वजनाची गाडी ताशी ६० कि.मी. वेगावरून थांबविली, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने पाऊण लिटरहून अधिक गार पाण्याला उकळी येईल. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे ही उष्णता निम्म्याहून बरीच अधिक पुढच्या दोन चाकांवर येते. म्हणून पुढचे पॅड आधी संपतात. जुन्या काळच्या जीपगाड्यांना चारही चाकांना ड्रम असत. ड्रम तापला की पकड सुटते आणि पाण्यातून गेल्यावर आतले पाणी लवकर निघत नाही. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते व लवकर सुकते. पण उघडी असल्यामुळेच चिखल, मुरुमाची लाल माती आणि रेतीचे कणही तिच्यावर सरळ येतात. धानाच्या बांधीपर्यंत गाडी नेणाऱ्याला हा तोटा नेहमीच सोसावा लागतो.

बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

नव्या पॅडवर मसाला सर्वसाधारणपणे १० ते १२ मि.मी. जाड असतो. तो ३ मि.मी. राहिला की पॅड बदलावा. मोजपट्टी नसेल तर एकावर एक दोन जुनी नाणी ठेवून येणारी जाडी डोळ्यासमोर ठेवली तरी अंदाज येतो. मोजताना मागची पोलादी पट्टी धरू नये, फक्त मसाला मोजावा. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून बारीक किणकिण असा आवाज करते. हा आवाज म्हणजे सूचना समजावी. त्यानंतर खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर सूचना देण्याची वेळ निघून गेली आहे, पोलादी पट्टी डिस्क खात आहे असे समजावे. अशा गाडीत माल भरू नये आणि ती लांब नेऊ नये.

पेडल नेहमीपेक्षा खोल जाणे, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाणे, पेडल पायाखाली थरथरणे, ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी हळूहळू उतरणे, हीही लक्षणे आहेत. पातळी उतरली म्हणजे प्रत्येक वेळी गळतीच असते असे नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो व त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढते. म्हणून पातळी उतरलेली दिसताच नुसते ऑइल ओतून झाकण लावू नये, आधी पॅड पाहावेत.

आपल्याकडे तपासणी वर्षातून दोनदा करावी असे माझे मत आहे. एकदा मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुमारास, चिखलाची ने-आण संपल्यावर. कि.मी.चा हिशोब शहरी गाड्यांना ठीक आहे. चिखलात चाललेले पाच हजार कि.मी. आणि डांबरी रस्त्यावरचे पाच हजार कि.मी. सारखे नसतात.

हे काम कोणी घरी करू नये?

चाकाजवळ कोठेही ऑइलची ओल दिसत असेल, रबरी होजला तडे गेले असतील किंवा पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर हा पॅडचा प्रश्न नाही. ती गाडी मिस्त्रीकडेच न्यावी, तीही चालवत नव्हे, ओढून. दुसरी बाब डिस्कची. कारमध्ये डिस्क बहुधा हबवर नुसती टोपीसारखी बसलेली असते व चाक काढल्यावर बाहेर ओढता येते. काही पिकअप व जीपवजा गाड्यांत मात्र डिस्क हबच्या मागून बोल्टने जोडलेली असते. ती काढण्यास हब आणि चाकाचे बेअरिंग उघडावे लागते व पुन्हा योग्य तेवढेच आवळावे लागते. अशा गाडीचे पॅड घरी बदलावेत, डिस्कचे काम मात्र जाणकाराकडून करून घ्यावे. चाक काढल्यावर आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे ते लगेच कळते. म्हणून सामान आणण्यापूर्वी एकदा चाक उघडून पाहणे बरे.

सामान

पॅडचा संच नेहमी दोन्ही चाकांसाठी एकदम घ्यावा. डिस्कही जोडीनेच बदलाव्यात. एका बाजूला नवे व दुसरीकडे जुने ठेवले तर गाडी एका अंगाला ओढते. गाडीचे मॉडेल व वर्ष सांगून, शक्यतो जुना पॅड सोबत नेऊन, पक्क्या पावतीसह माल घ्यावा. बियाण्याप्रमाणेच येथेही नकली माल मिळतो आणि वेष्टन हुबेहूब असते. फारच स्वस्त मिळणाऱ्या पॅडचा मसाला गरम झाल्यावर पट्टीपासून सुटू शकतो, याची जाणीव असू द्यावी.

याशिवाय जॅक, दोन स्टँड, व्हील पाना, गोटी पान्यांचा संच, वायर ब्रश, पॉलिश पेपर, पिस्टन मागे दाबण्यासाठी सुताराचा सी-शिकंजा, थोडी मजबूत तार, ब्रेकच्या पिनांसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस आणि बंद डब्यातील ब्रेक ऑइल लागते. ब्रेक ऑइल कोणते घालावे हे डबीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. तेच घालावे. 'डॉट ५' हे सिलिकॉनचे निराळेच ऑइल आहे, ते यात मिसळू नये.

येथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल, इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ब्रेकच्या डबीत एक थेंबही पडू देऊ नये. घरात कॅन शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, घाईत हात चुकतो. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात, पिस्टन अडकतात आणि पुढे सगळी व्यवस्था उघडून प्रत्येक रबर बदलावे लागते. हाच नियम पिनांच्या ग्रीसलाही लागू आहे. बैलबंडीच्या आखाला लावायचे पिवळे ग्रीस पिनांना लावले की त्यांची रबरी टोपणे फुगून पिना जाम होतात.

गाडी उचलणे

या कामात माणूस दगावतो तो ब्रेकमुळे नव्हे, जॅक घसरल्यामुळे. गाडी सपाट आणि टणक जागेवर घ्यावी. खळ्याची शेणाने सारवलेली जमीन वरून टणक दिसते, पण जॅकच्या छोट्या बुडाखाली ती दबते. म्हणून जॅकखाली जाड फळी ठेवावी. हॅन्डब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी व मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावावी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, नंतर गाडी उचलावी.

गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा. स्टँड नसेल तर सागाचे सपाट कापलेले ठोकळे आडवे-उभे रचून त्यावर भार घ्यावा. आलापल्लीत डेपोच्या पावतीचा सागाचा तुकडा मिळणे काही अवघड नाही! विटा किंवा दगड मात्र अजिबात वापरू नयेत. वीट आधी काही न सांगता एकदम फुटते. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे, म्हणजे काही घसरलेच तर गाडी त्यावर टेकेल. गाडीला हाताने दोन-चार धक्के देऊन पाहावे व मगच पाना हातात घ्यावा. लहान मुलांना त्या दिवशी अंगणाबाहेर पाठवावे.

उघडणे

एका वेळी एकच चाक उघडावे. दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे राहिले की विसर पडल्यास पाहून जोडता येते. स्टिअरिंग थोडे वळवून कॅलिपरची मागची बाजू समोर आणावी. कॅलिपर दोन छोट्या बोल्टांनी पिनांना जोडलेला असतो. खालचा बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनेवर पुस्तकाच्या पानासारखा वर उघडतो. पूर्ण काढावयाचा झाल्यास तो तारेने स्प्रिंगला बांधावा. रबरी होजवर लोंबकळत ठेवू नये, होज आतून चिरतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

साचलेली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पंपाने फुंकू नये. जुन्या प्रकारच्या मसाल्यात अॅस्बेस्टॉस असे व त्याने फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. आजच्या प्रत्येक पॅडमध्ये ते नाही असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि धातूची बारीक धूळही छातीला चांगली नाहीच. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके फेकून द्यावे.

जुने पॅड वाचा

काढलेले पॅड लगेच बाजूला टाकू नयेत. आतला आणि बाहेरचा असे शेजारी-शेजारी मांडावेत, दुसऱ्या चाकाचेही तसेच. आता रोगट रोप उपटून मुळे पाहतो तसे ते पाहावे.

चारही पॅड सारखे झिजले असतील तर ब्रेक निरोगी आहे, फक्त मसाला संपला. असे क्वचित आढळते. आतला पॅड बराच झिजला आणि बाहेरचा जाड राहिला, तर कॅलिपर पिनांवर सरकत नव्हता, सगळे काम एकटा पिस्टनच्या बाजूचा पॅड करीत होता. आपल्या भागात चिखलाने होणारा हा नेहमीचा बिघाड आहे. कधी याच्या उलट, बाहेरचा पॅड अधिक झिजलेला दिसतो. तेव्हा कॅलिपर आत ओढला जातो पण परत सुटत नाही, म्हणजे दोष पिनांचाच. पॅड पाचरीसारखा एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने घट्ट बसले आहेत. डाव्या चाकाचे पॅड संपले आणि उजव्याचे शिल्लक, अशी स्थिती असेल तर एका बाजूचा पिस्टन किंवा होज दोषी असण्याचा संभव आहे. तो मिस्त्रीने पाहावा.

मसाल्याचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर पॅड फार तापले होते. यात चालकाच्या सवयीचाही भाग असतो. पेडलवर पाय टेकवून गाडी हाकणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

नवे पॅड बसवून यांपैकी कोणताही दोष बरा होत नाही. पिन अडकलेली असताना बसविलेला नवा पॅड जुन्याच वाटेने जातो. आवाज बंद होतो एवढेच, आणि तेवढ्याने समाधान मानले जाते. थांबण्याचे अंतर मात्र वाढलेलेच राहते.

पिनांची स्वच्छता

पिना ब्रॅकेटमधून ओढून बाहेर काढाव्यात. कोणती वरची व कोणती खालची हे लक्षात ठेवावे, कारण काही गाड्यांत त्या सारख्या नसतात. चांगली पिन बोटाने ओढताच येते. जिला पक्कड लावावी लागते ती बिघडलेली समजावी. जुने वाळलेले ग्रीस पुसावे, भोकही काडीला फडके गुंडाळून साफ करावे. पिनेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नये, नवी पिन आणावी. ती महाग नसते. रबरी टोपण फाटले असेल तर तेही बदलावे. चिखल आत जाण्याची वाट तीच आहे, आणि ती उघडी ठेवून पिन साफ करणे म्हणजे फुटका बांध तसाच ठेवून बांधीत पाणी सोडणे होय. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून पिन आत बसवावी व दोन-तीनदा आत-बाहेर करून पाहावी. ग्रीस फार भरू नये, आत हवा कोंडून पिन परत बाहेर येते.

ब्रॅकेटमधील पॅडच्या खाचा वायर ब्रशने लख्ख कराव्यात. त्यांत पत्र्याच्या छोट्या क्लिपा असतात. संचात नव्या आल्या असतील तर जुन्या काढून त्याच लावाव्यात. गंज बहुधा क्लिपेच्या खाली दडलेला असतो.

डिस्क ठेवावी की बदलावी?

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर इंग्रजी अक्षरांत 'मिन टीएच' असे कोरून पुढे मि.मी.मध्ये एक आकडा दिलेला असतो. ही डिस्कची किमान जाडी. डिस्क नवी असताना २२ मि.मी. असेल, तर हा आकडा साधारण २० मि.मी. असतो, म्हणजे झीज फक्त दोन मि.मी. चालते. डिस्कच्या बाहेरच्या काठाला न झिजलेली कड उरते. म्हणून साधी पट्टी काठावर लावून मोजल्यास जाडी खोटीच अधिक भरते. व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यांत दोन्ही बाजूंस छोटी नाणी धरून मोजावे व नाण्यांची जाडी वजा करावी. किमान आकड्याच्या जवळ आलेली डिस्कही बदलावी, कारण नवे पॅड संपेपर्यंत ती आणखी झिजणार आहे. बारीक रेघा चालतात, नख अडकेल असे चर चालत नाहीत. तडा किंवा जळाल्याचे निळे डाग दिसले तर जाडी न मोजताच डिस्क बाद करावी.

डिस्क काढण्यास आधी ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढावे लागतात. डिस्कला एक-दोन स्क्रू असतील तर तेही काढावेत. गंजाने ती हबला चिकटून बसते. बऱ्याच डिस्कना दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने आवळत गेल्यास डिस्क आपोआप बाहेर येते. तशी भोके नसतील तर लाकडी ठोकळा लावून हातोड्याचे ठोके द्यावेत.

आता हबची सपाट बाजू पॉलिश पेपर व ब्रशने धातू चमकेपर्यंत साफ करावी. घरी केलेल्या कामात हेच बहुधा राहून जाते. हबवर गंजाची एक पापडी राहिली तरी नवी डिस्क किंचित तिरकी बसते. सुरुवातीला काही जाणवत नाही. काही हजार कि.मी.नंतर डिस्क एका जागी जास्त झिजते आणि पेडल थरथरू लागते. मग दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो साबणाच्या गरम पाण्याने धुऊन डिस्क कोरडी करावी. रॉकेल, डिझेल वापरू नये, त्यांचा तेलकटपणा मागे राहतो.

जोडणी

पिस्टन मागे दाबण्यापूर्वी ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडावे व भोवती फडके ठेवावे. पिस्टन मागे जातो तसे ऑइल डबीत वर चढते. सांडलेले ऑइल रंग खाते, लगेच पाण्याने धुवावे. पिस्टनवर जुना पॅड ठेवून शिकंजा सावकाश आवळावा. पिस्टन सरळ आणि एकसारखा मागे गेला पाहिजे. फार जोर लागत असेल तर तो गंजला आहे, तेथेच थांबावे.

ब्रॅकेट, पॅड, कॅलिपर या क्रमाने जोडणी करावी. आवाजाची जीभ असलेला पॅड जुन्यात ज्या बाजूला होता त्याच बाजूला बसवावा. मसाल्याला ग्रीसचा हात लागू देऊ नये. बोल्ट आवळताना गावठी अंदाजाने सगळ्यांना सारखाच जोर लावू नये. सर्वसाधारणपणे पिनांच्या बोल्टना २.५ ते ३.५, ब्रॅकेटच्या बोल्टना ८ ते ११ व चाकाच्या नटांना ९ ते १२ किलोग्रॅम-मीटर जोर लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २० किलो जोर दिला म्हणजे १० किलोग्रॅम-मीटर झाले. पिनांचे बोल्ट बारीक असतात, पाइप लावून आवळले तर तुटतात. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत आवळावेत व शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्यावा.

गाडी हलविण्यापूर्वी

दोन्ही चाके झाली, गाडी खाली उतरली, की इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचे पेडल दाबावे. ते सरळ तळापर्यंत जाईल. पिस्टन मागे ढकलल्यामुळे पॅड आणि डिस्क यांत अजून अंतर आहे. पेडल सावकाश वारंवार दाबत राहावे, दहा-पंधरा वेळा, वर कडक लागेपर्यंत. हे न करता गाडी मागे घेतली तर पहिल्या वेळी ब्रेक लागणारच नाही आणि मागे विहीर असो की भिंत, गाडी तेथवर जाईल. पेडल कडक झाल्यावर डबीतील पातळी वरच्या खुणेपर्यंत आणावी. इंजिन सुरू करून पेडल दाबून धरावे, चाकांजवळ गळती पाहावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे, ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, हेही येथे सांगितले पाहिजे. 'डॉट ३' ऑइल कोरडे असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंश धरतात. उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल खाली जाते. आपल्या पावसाळी जंगलपट्ट्यात दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यावे. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरू नये.

नवे पॅड रुळविणे

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळल्याशिवाय पूर्ण पकड देत नाहीत. सकाळी, मोकळ्या व रहदारी नसलेल्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीने ताशी ५० ते ६० कि.मी. वेग घ्यावा आणि मध्यम ब्रेक लावून २० पर्यंत आणावा. पूर्ण थांबू नये. असे आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर हवेवर निवू देऊन करावे. नंतर दहा मिनिटे ब्रेक फारसा न लावता गाडी चालवावी. गरम डिस्क घेऊन लगेच नाल्याच्या पाण्यात उतरू नये. पहिल्या २००-३०० कि.मी.त माल बेताने भरावा आणि पुढच्या वाहनापासून अंतर अधिक ठेवावे.

पन्नास-शंभर कि.मी. झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासावेत. प्रत्येक चाकाजवळ हात न लावता नुसती उष्णता पाहावी. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच गरम वाटले तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अजून अडकत आहे, ते चाक पुन्हा उघडावे. पावसाळ्यात नाला ओलांडल्यावर थोडे अंतर हळू चालवीत दोन-तीनदा हलका ब्रेक लावावा, डिस्क सुकते. बांधीतून आल्यावर चाकांच्या आतल्या बाजूने साध्या पाण्याचा मारा करून चिखल ओला असतानाच काढावा. वाळल्यावर तो पिनांच्या टोपणांभोवती सिमेंटसारखा बसतो. काढलेल्या जुन्या पॅडवर तारीख व कि.मी. खडूने लिहून ते एका डब्यात ठेवावेत, पुढील वेळी नव्याने काढलेल्यांशी ताडून पाहता येतात.